खंडोबाच्या पाठीवरचा बादशहा

पीएच.डी. करणाऱ्या बाईला लोक दोनच प्रश्न विचारतात. विषय कुठला, आणि संपणार कधी? दुसऱ्या प्रश्नाला मी नुसती हसते. पहिल्याचं उत्तर मनापासून देते, पण ते अर्ध्यावर आलं की विचारणाऱ्याला कुणाचा तरी फोन येतो. तरी इथे सांगते, कारण त्याशिवाय मी हिंगोली जिल्ह्यात कशाला तडमडले ते कळणार नाही.

मुघलांच्या काळात आणि त्यांच्यामागून आलेल्या दख्खनच्या राज्यांत चांदीचा रुपया कसा फिरला, हा माझा विषय. सुरतेच्या बंदरात जहाजांमधून चांदी उतरायची, टांकसाळीत तिचे रुपये पडायचे, फौजांबरोबर आणि सावकारांबरोबर ते दक्षिणेत यायचे. इथपर्यंत कागद भरभरून बोलतात. पुढे गावात शिरले की रुपये गुप्त होतात. परदेशी व्यापारी तेव्हाही कुरकुरत की या मुलखात चांदी आत जाते ती बाहेर म्हणून येत नाही. माझे मार्गदर्शक याला एकच शब्द वापरतात, "मुरली." पण कुठे मुरली, कुणाच्या घरात, काय होऊन मुरली, असं विचारलं की ते चष्मा पुसायला घेतात. माझं शेवटचं प्रकरण त्या पुसलेल्या चष्म्यापाशी वर्षभर अडून बसलं होतं.

अशात अर्चनाचा फोन आला. ही माझी वसतिगृहातली मैत्रीण, आता हिंगोलीत शाळेत शिकवते. बोलता बोलता म्हणाली, "आमच्या आत्याच्या देवघरात खंडोबाचा टाक आहे. अख्ख्या रुपयाचाच केलेला. पाठीवर अजून उर्दू अक्षरं आहेत म्हणे."

टाक म्हणजे देवाची प्रतिमा उठवलेला चांदीचा पत्रा, तळहातावर मावेल एवढा. पत्रा ठोकून पातळ करतात, मग ठशावर ठेवून प्रतिमा उमटवतात. त्यात नाण्याचं काही उरत नाही. अक्षरं उरलीत म्हटल्यावर मी अंथरुणातून उठून बसले.

"म्हणे काय? तू पाहिली नाहीस?"

"देव पालथा कोण घालतं गं?" अर्चना म्हणाली. "आणि यायचं तर चंपाषष्ठीच्या आधी ये. आत्याच्या धाकट्या सुनेचं घर वेगळं झालंय. तो टाक मोडून दोन्ही घरांसाठी नवे करायचेत."

हिंगोली, आणि चुकीचा जवळा

पुण्याहून हिंगोली म्हणजे एक रात्र आणि पाठीचे तुकडे. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

सकाळी बसस्थानकाबाहेर एका गाड्यावर सुशीला खाल्ली. हे बाईचं नाव नसून भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला पदार्थ आहे, हे मला प्लेट हातात आल्यावर कळलं. वरून शेंगदाण्याचं कूट, लिंबू, आणि मागू तेवढ्या तळलेल्या मिरच्या. आमच्या चिपळुणात मुरमुरे म्हणजे आजारी माणसाचं खाणं. इथे त्यांना जो मान आहे तो पाहून मी दुसरी प्लेट घेतली.

आत्याचं गाव जवळा बाजारकडे, अर्चना तिकडे पुढे गेली होती. मला तिने सांगितलं होतं, "जवळ्याच्या गाडीत बस." मी जवळ्याच्या जीपमध्ये बसलेही. बराच वेळ गेल्यावर शेजारच्या आजोबांना विचारलं, "जवळा बाजार अजून किती लांब?"

आजोबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "जवळा बाजार? बाई, ही जीप जवळा पांचाळला चालली. तुमचा जवळा तिकडं ऱ्हायला. काहून बसल्या हिच्यात?"

काहून म्हणजे का, एवढं मला कळलं. जीपवाल्यानं गाडी थांबवली, उलट्या दिशेनं येणाऱ्या दुसऱ्या जीपला हात केला, माझी पिशवी स्वतः तिकडे टाकली आणि माझ्याकडून भाडंही घेतलं नाही. "पाव्हण्याला तकलीफ झाली, वरून पैसे कशाचे," म्हणाला. मी पैशाच्या इतिहासाची अभ्यासक आहे, हे त्याला सांगावंसं वाटलं, पण जीप निघून गेली.

त्या चुकीनं एक बरं केलं. मला तो मुलूख उन्हं चढताना दोनदा बघायला मिळाला. लाल मातीत आणि चढउतारांत वाढलेल्या माणसाला ही काळी सपाट जमीन पहिल्यांदा बघताना डोळे कुठे टेकवावेत ते कळत नाही. कपाशी फुटलेली, बायका कमरेला ओटी बांधून वेचणीला लागलेल्या. तुरीला पिवळी फुलं आणि शेंगा एकाच वेळी. मधूनच हळदीचे रुंद पानांचे पट्टे. आमच्याकडे शेत म्हणजे डोंगराच्या अंगावर लावलेली ठिगळं. इथे नजर जाईल तिथपर्यंत एकच सलग कापड, आणि ते अंथरणारे हात किती असतील कोण जाणे.

औंढा

माझी चूक फोनवर कळल्यावर अर्चना औंढ्याच्या, म्हणजे जवळा बाजारच्या वाटेवरच्या, स्टँडवर येऊन थांबली होती. माझ्या चुकलेल्या जवळ्यावर पोटभर हसून झाल्यावर ती मला नागनाथाच्या देवळात घेऊन गेली. पुस्तकांतून चित्रं पाहिली होती, पण दगडातले ते हत्ती आणि त्या नर्तकी समोर पाहिल्यावर चित्रं विसरले. गाभारा जमिनीखाली आहे. अरुंद भुयारासारख्या जागेतून वाकून, जवळजवळ रांगत उतरावं लागतं. देवापुढे वाकायचं की नाही हा प्रश्न तिथे शिल्लकच ठेवलेला नाही.

बाहेर नंदी दिसेना. तो देवळाच्या मागे आहे. एका संताला पुजाऱ्यांनी समोर कीर्तन करू दिलं नाही, तो मागे जाऊन गाऊ लागला, तर देऊळच त्याच्याकडे फिरलं, आणि नंदी राहिला होता तिथेच. ही कथा मला अर्चनानं सांगितली, प्रसादवाल्यानं सांगितली, आणि चपला सांभाळणाऱ्या बाईनंही सांगितली.

"म्हणजे या तालुक्यात अख्खं देऊळ फिरतं," मी अर्चनाला म्हटलं, "आणि मला एक टाक फिरवून मिळत नाही होय?"

"तू कीर्तन करून बघ," अर्चना म्हणाली.

आत्याचं घर

गावाचं नाव लिहीत नाही. जवळा बाजारपासून आत, कालव्याच्या कडेनं जाणाऱ्या रस्त्यावर आहे. घर नवं आहे, सिमेंटचं, समोर सोयाबीन वाळवायला मोठं अंगण. आत्या म्हणजे सुभद्राबाई. उंच, हाडापेरानं मजबूत, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणाऱ्या. थोरला मुलगा आणि सून त्यांच्याजवळ राहतात. धाकट्यानं जवळा बाजारात बियाण्यांचं दुकान टाकलंय आणि मागेच दोन खोल्या बांधल्यात. त्याची बायको सविता टाकाच्या कामासाठी माहेरी आल्यासारखी सासरी आली होती.

येसर आमटी आणि ज्वारीची भाकरी झाली. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांची आणि मसाल्याची पूड करून ठेवलेला साठा. पाण्यात सोडला की आमटी तयार. कितीही पाहुणे येऊ देत, बाई डगमगत नाही. मला तिखटानं नाक पुसावं लागलं, ते बघून आत्यांनी माझ्या ताटात आणखी तूप ओतलं आणि आणखी आमटीही ओतली.

मग देवघर. भिंतीतला कोनाडा, त्यात तांब्याच्या ताम्हनात देव बसलेले. मधला टाक बघताच मला कळलं. इतर टाकांपेक्षा तो जाड होता, आणि नाणं असावं तसा गोल. घोडा, स्वार, शेजारी म्हाळसा, पण सगळं वर्षानुवर्षांच्या घासण्यानं विरघळल्यासारखं. स्वाराला चेहरा उरला नव्हता.

आता माझ्या हातून जे झालं ते उत्साहाच्या भरात झालं. मी मोबाईलची बत्ती लावली, वाकले आणि टाकाची कड दोन बोटांनी उचलायला गेले. फट्‌कन मनगटावर चापट बसली.

"अगं, देवाला पालथं घालती व्हय?" आत्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, पोरगं चुलीत हात घालताना ओरडावं तशी घाई होती. "आपण कुणाला उचलून तोंडावर पाडतो का?"

माझे कान तापले. अर्चना भिंतीकडे बघून हसू दाबत होती.

"आत्या, मला फक्त मागची अक्षरं बघायची आहेत."

"ती मला ठावं हायेत की," त्या म्हणाल्या. "मल्लूखानाची सही हाये."

खंडोबाला मुसलमान भक्त मल्लूखान म्हणतात, हे वाचलेलं होतं. पण या घरात असं समजत आले होते की देवानं स्वतः, आपल्या त्या दुसऱ्या नावानं, उर्दूत सही करून ठेवली आहे. कुठलाही इतिहासकार अशी चूक करू शकला नसता. तेवढा देवाशी घरोबा लागतो.

दुसऱ्या दिवशी सगळ्या देवांना उजाळा होता. अंगणात पाट मांडून आम्ही बायका बसलो. चिंच आणि राख. मला बाळकृष्ण आणि घंटा मिळाली. आमच्या घरी देव बाबा पुसतात, ओल्या फडक्यानं, वर्तमानपत्र वाचल्यासारखं तोंड करून. इथे बायका देवांना न्हाऊ घालताना त्यांच्याशी बोलत होत्या. "मान वर कर, हं, अस्सं."

खंडोबा मात्र आत्यांच्या हातात. चेहऱ्याकडची बाजू त्या अंगठ्यानं जोर लावून घासत होत्या, आणि मागची, टाक सुलटा धरूनच, खालून बोटांनी हळू चाचपत. न बघता. माझ्या लक्षात आलं की अक्षरं का टिकली. तोंड चकचकीत व्हावं म्हणून घासलं गेलं, पाठीवरून नुसती बोटं फिरली. लग्न होऊन आल्यापासून ही बाई ती अक्षरं बोटांनी वाचत आली होती.

सविता माझ्या शेजारी समई घासत होती. हळू आवाजात म्हणाली, "ताई, नव्या देवात जुन्या देवाची चांदी जायाच पायजे का? तुमी शिकलेल्या."

"का गं?"

"मला भांडी नगं, जिमिनीतलं काई नगं. घर येगळं झालं तवा लोक लई बोलले, मीच त्यांना तोडलं म्हणून. निस्त्या दुकानातल्या चांदीचा देव बसवला तर त्यो मला वळखायचा न्हाई. ह्या घरातला ह्यो देव आला, की मी बी ह्या घरातलीच, असं व्हतंय." ती समईच्या पायाला राख लावत राहिली. "म्हणून म्या आईला म्हणलं, निम्मा तरी द्या."

चिंचेचं पाणी कोपरापर्यंत ओघळलं होतं, ते पुसलं.

देव सुपारीत

टाक मोडायचा तर त्याच्यातला देव आधी काढून घ्यावा लागतो. त्यासाठी गावातले गुरव सकाळी आले. कलश, पाच विड्याची पानं, एक भलीमोठी सुपारी. ते मंत्र म्हणत होते, पण आत्यांना त्यावर पूर्ण भरवसा नसावा. त्या टाकावर भंडार, म्हणजे हळद, वाहून स्वतःच बोलू लागल्या.

"खंडेराया, कपडे बदलायचेत. थोडा येळ ह्या सुपारीत बस. इथून हलू नगं. दोन-चार दिसांत दोन्ही घरं तयार करते. रागवू नगं, लेकरांची वाटणी झाली, तुझी बी व्हायची."

टाकावरच्या अक्षता सुपारीवर ठेवल्या. सगळ्यांनी सुपारीला नमस्कार केला. सुपारी कोनाड्यात, टाकाच्या जागी गेली. पूजेच्या वेगळ्या ताम्हनात टाक एकटा राहिला, आणि त्याच्याकडे कुणी बघेनासं झालं.

आत्यांनी तो उचलला, साडीच्या पदरानं पुसला, आणि माझ्या तळहातावर ठेवला. पालथा.

"घे. आता ती निस्ती चांदी हाये. काय बघायचं ते बघ."

मी अभ्यासात हजारो नाणी हाताळली आहेत, संग्रहालयांच्या कपाटांतली, मखमलीवरची. त्यातलं एकही कुणी पदरानं पुसून दिलं नव्हतं. अंगणात उन्हात बसले, भिंग काढलं. मधला भाग घोड्याच्या खोलगटात गेला होता. पण कडेच्या सपाट पट्टीवर अक्षरं होती. ठोकताना वर मऊ शिसं ठेवलेलं असतं, त्याच्या कुशीत ती वाचली असणार. फारसी लिपी, वळणदार, निम्मी कापलेली. एक बे, तिला जोडलेला लांब आलिफ, मग दाल, मग शीन. पुन्हा पाहिलं. बादशाह.

बास. ज्याचं नाव असायला हवं होतं ते झिजून गेलं होतं. आणि मला जे हवं होतं, टांकसाळीचं नाव, ते रुपयाच्या दुसऱ्या बाजूला असतं. गावच्या कुठल्याशा जुन्या सोनारानं ती बाजू ठशावर ठेवली, आणि टांकसाळीचा खंडोबा झाला. रुपया कुठून आला ते देवाच्या तोंडाखाली गेलं होतं.

मला रडू आलं, खरंच. पाच-सहा वर्षं ज्याच्यामागे धावले ते हातात होतं आणि एवढंच सांगत होतं.

आत्या पायरीवर बसून बघत होत्या. "मल्लूखानच लिवलंय नं?"

खोटं बोलणं जिवावर आलं. "नाही, आत्या. बादशहा लिहिलंय. त्या काळच्या बादशहाचं नाणं होतं हे."

मला वाटलं, आता त्यांचा चेहरा पडेल. पण त्या मोठ्यानं हसल्या आणि आतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ऐकलं का गं? बादशा लिवलंय! मग बराबर हाये. आपला देव बादशाच हाये, दुसरं काय लिवतील!"

मी पण हसले. डोळे पुसले, फोटो काढले, कागद ठेवून पेन्सिलीनं अक्षरांचा ठसा घेतला. मग कोनाड्यातल्या सुपारीकडे बघून आत्या म्हणाल्या, "चला, त्याला तिथं अवघडून बसवलंय. वसमतची गाडी धरा."

वसमत

वसमतला हळदीच्या बाजारात आधी नाक पोचतं, मग पाय. कोरडा, गरम, थोडा मातकट वास. पोती उतरवणाऱ्यांच्या भुवया पिवळ्या, रस्त्यावरची धूळ पिवळी, चहाच्या कपाची कड पिवळी. देवावर चिमटीनं वाहतात तो भंडार इथे गाड्या भरून पडलेला असतो. मला सांगलीची हळद ठाऊक होती आणि मी तसं म्हणालेही. चहावाल्यानं माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरा चहा मागवून विषय मिटवला.

सोनाराचं दुकान बाजारामागच्या गल्लीत होतं. आत्या त्यांना भाऊ म्हणत, म्हणून मीही म्हटलं. वयस्क, शांत, डोक्यावर टोपी. भिंतीवर काळपट कांशाचे ठसे टांगलेले, एकेकात खंडोबा, भवानी, आणि कुणाकुणाचे पूर्वज उलटे कोरलेले. त्यांनी टाक काट्यात ठेवला, वर सविताच्या नवऱ्यानं दिलेली नवी चांदी ठेवली, दोन टाकांना पुरेल म्हणाले आणि चांदी वितळवायची मूस काढली.

मी टाकाकडे बघत होते. अक्षरांनी काही सांगितलं नव्हतं, पण चांदी सांगू शकली असती. प्रयोगशाळेत तपासलं तर तिच्यातल्या इतर धातूंच्या अंशावरून ती कुठल्या खाणीतली, साता समुद्रापारची की जवळची, याचा अंदाज बांधता येतो. पण त्यासाठी हा तुकडा हवा, तसाच, न वितळलेला. एकदा नव्या चांदीत मिसळला की कुणालाच काही सांगता येणार नाही.

माझं तोंड बघून आत्यांना काय कळलं कोण जाणे. त्या एकदम म्हणाल्या, "पोरी, तुला ह्याचं काम हाये नं? मग असं कर. तेवढ्याच वजनाची नवी चांदी भाऊकडून घे अन् हे तू घेऊन जा. देव तर सुपारीत हाये. चांदीला चांदी बराबर."

माझ्या पर्समध्ये तेवढे पैसे होते. नाही म्हणायचं कारण नव्हतं. देणारी आपखुशीनं देत होती, सोनार समोर होता, देवाचीही हरकत नव्हती. प्रकरण पूर्ण झालं असतं. मला तो तुकडा हवा होता.

मग मी सविताकडे पाहिलं. ती पदराला गाठ मारत होती, सोडत होती. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "घ्या ताई. तुमच्या शिक्षणाचं हाये."

ती खरंच म्हणत होती, हेच अवघड होतं. सासूच्या शब्दाला तिनं खाली पडू दिलं नव्हतं, आणि माझ्या कामाला मोठं मानलं होतं. तिनं या घरातून मागून घेतलेली एकुलती एक गोष्ट ती मला देऊन टाकत होती. इतकी वर्षं मी विचारत होते की चांदी गेली कुठे. ती इथे आली होती. एका बाईला आपलं घर आपलंच आहे असं वाटावं, यासाठी कामाला लागली होती. आणि मी त्या चांदीला कामावरून काढून काचेच्या नळीत घालायला निघाले होते.

"नको, आत्या," मी म्हटलं. "भाऊ, मूस तापवा."

भाऊंनी माझ्याकडे, मग आत्यांकडे पाहिलं. मी टाक काट्यातून उचलला, एकदा अंगठ्यानं पाठ चाचपली, आणि सविताच्या हातावर ठेवला. तिनं तो दोन्ही हातांनी मुशीत सोडला.

ज्योत लागली तशी चांदी आधी मळकट झाली, मग लाल. कडेनं पाझरली आणि एकदम तिचा थेंब झाला. मळ निघावा म्हणून भाऊंनी त्यात चिमूटभर टाकणखार टाकला. कुणाचं नाव, कुणाची टांकसाळ, सगळं त्या थेंबात गेलं. मला वाईट वाटलं, आणि त्याच वेळी इतकं बरं वाटलं की मी भाऊंच्या दुकानातल्या सगळ्यांना चहा सांगितला.

चंपाषष्ठी, जवळा बाजार

सकाळी थोरल्या घरी एक टाक बसला. दुपारी आम्ही दुसरा आणि सुपारी घेऊन जवळा बाजारला गेलो. आठवड्याच्या बाजाराचा दिवस होता. सोयाबीनच्या गाड्या, कापसाचे भरलेले टेम्पो, आणि त्यांच्यामधून वांग्यांच्या टोपल्याच टोपल्या, कारण आज घरोघर भरीत. चातुर्मासात वर्ज्य केलेलं वांगं आज देवाला दाखवून मग खायचं. आमच्याकडे वांगं हे मासे न मिळाल्याचं दुःख असतं. इथे त्याला सणाचा मान. निखाऱ्यावर भाजलेल्या त्या भरताची चव घेतल्यावर मी कोकणच्या वतीनं मनातल्या मनात माफी मागितली. सोबत राखेत भाजलेले कणकेचे रोडगे, तुपात बुडवून.

सविताच्या दोन खोल्यांत बियाण्यांच्या पिशव्यांचा वास होता. आतल्या खोलीत फळीवर लाल कापड, ताम्हन, आणि त्यात नवाकोरा खंडोबा. घोड्याला डोळे, स्वाराला मिशा. शेजारच्या बाया दारात जमल्या होत्या. त्यातल्याच एकीनं हळू विचारलं, "जुन्या देवाची चांदी हाये का?" तेव्हा आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आमच्याच देवघरातला हाये. धाकट्या सुनेचा वाटा." सवितानं मान खाली घातली, पण मला तिचे कान लाल झालेले दिसले.

गुरवांनी अक्षता हातात घेतल्या. आत्यांनी सुपारी पुढे केली.

"थांबा जरा," सविता म्हणाली. "देव यायच्या आधी ताईला दाखवते. मग पालथा घालता यायचा न्हाई."

तिनं टाक उचलला आणि माझ्यासमोर पालथा धरला. मला वाटलं, काहीच नाही हे मला दाखवून ती माझी समजूत घालतेय. मागे कोरी चांदी चमकत होती. मग तिनं तो उजेडाकडे कलता केला, आणि कडेच्या पट्टीवर मला बारीक ओरखडे दिसले. दाभणाच्या टोकानं, जरा वाकड्या अक्षरांत, तिनं लिहिलं होतं: बादशा.

"भाऊनं न्हाई, म्या लिवलं," ती म्हणाली. "तुमी सोडून दिलं नं, म्हणून. मला उर्दू येत न्हाई. पण उद्या माझी सून घासायला बसंल, तवा तिच्या बोटाला काईतरी लागलं पायजे."

तिनं माझं बोट धरलं आणि त्या अक्षरांवरून फिरवलं. कडा अजून धारदार होत्या.

मग तिनं देव सुलटा केला. गुरवांनी सुपारीवरच्या अक्षता टाकावर ठेवल्या, मी हात जोडले, आणि आत्यांनी मूठभर भंडार आम्हा दोघींच्या डोक्यावर उधळला.